तुळईवरची शिंगं

रँचवरून, फ्रीअरजवळ, टेक्सस
दि. २३ ऑक्टोबर २००५

ती. हेडीताईस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि पीचचा मुरंबा दोन्ही पोचलं. मुरंबा अर्धा संपलाय, पत्र अजून पुरतंय, कारण त्यात तू मला इतक्या ठिकाणी टोचलं आहेस की एका बैठकीत वाचवत नाही. गुडघा आहे तसाच आहे. फेब्रुवारीत डॉक्टर तो बदलून नवा बसवणार. त्यानंतर मचाणावर चढणं बंद, हे त्याने मला जरा जास्तच आनंदाने सांगितलं.

इकडची बातमी म्हणजे तुझी लाडकी विद्यार्थिनी मार्ला हेलिकॉप्टर घेऊन येऊन गेली. विद्यापीठाने तिला हरणांचा अभ्यास करायला पैसे दिलेत म्हणे. वरून जाळं टाकायचं, हरणाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, कानाचा इवलासा तुकडा कापून बाटलीत घालायचा, कानाला बिल्ला लावायचा आणि द्यायचं सोडून. नर, माद्या, पाडसं, सगळ्यांना एकच न्याय. कोणत्या पाडसाचा बाप कोण, ते या तुकड्यांवरून जानेवारीत कळेल. मी तिला म्हटलं, एवढा खर्च कशाला, ते मी व्हरांड्यात बसून सांगतो: पाद्री. त्यावर ती हसली. हुबेहूब तुझ्यासारखी.

पाद्रीला तू ओळखतेस. बारा फाट्यांची शिंगं आणि रविवारी चर्चला निघाल्यासारखी चाल. सहा वर्षं सांभाळतोय मी त्याला. पैसे मोजून शिकारीला येणाऱ्या एकाही पाहुण्याची बंदूक त्याच्याकडे वळू दिली नाही. कळपाचं रक्त सुधारायचं तर असा नर राखायचा आणि बाकीचा गाळ काढायचा. फाटे न फुटलेले, नुसत्या दोन खुंट्या घेऊन हिंडणारे कोवळे नर मी दर वर्षी काढतोच. यंदा गाळातला पहिला मान मात्र वाकड्याचा. त्याचं उजवं शिंग बरं आहे, डावं म्हणजे उन्हात ठेवलेली मेणबत्ती. आणि हा तळ्यापाशी माद्यांच्या मागे फिरतो! मोसम संपायच्या आत त्याचं सॉसेज केलं नाही तर ओटमार वीडनर नाव लावणार नाही.

आता कामाचं. गुडघ्यानंतर रँच माझ्याच्याने होणार नाही. बाबांनी ती आपल्या दोघांच्या नावाने ठेवली, त्यामुळे दोघांच्या सह्या लागतील. मी ठरवलंय की क्लेटनच्या नावाने करावी. तुझा मुलगा, माझा एकुलता एक भाचा, आणि अंगात आपलं रक्त. डॅलसला दातांच्या दवाखान्यात लोकांच्या तोंडात वाकून वाकून तोही कंटाळला असेल. एल्विराच्या मुलाला आहे ते काम राहीलच. तो कधी तक्रार करत नाही. कागद सोबत आहेत, सही करून धाड.

मुरंबा संपत आलाय, हे पुन्हा लिहीत नाही. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायचं आता दोघांचंही वय नाही.

तुझा भाऊ,
ओटमार

•

न्यू ब्राउनफेल्स
दि. १ नोव्हेंबर २००५

चि. ओटमार यास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला चिरंजीव लिहायचं म्हणजे हसू येतं, पण तू वागतोसच तसा. मुरंबा धाडते. सही धाडत नाही.

एक तर 'एल्विराचा मुलगा' म्हणजे कोण, ते मला आधी नीट कळू दे. त्याला नाव आहे. नोए. तू एल्विराशी लग्न केलंस तेव्हा तिच्या पहिल्या नवऱ्याचा हा पोरगा नऊ वर्षांचा होता, आणि लग्नाच्या केकचा पहिला तुकडा त्याने तुझ्या बुटावर सांडला होता. आता त्याच्या मिशा पिकायला लागल्या. एल्विरा जाऊन चार वर्षं झाली, तरी तुझ्या घरात टॉर्टिया भाजल्याचा वास येतो तो त्याच्यामुळे. कुंपण, तळं, पवनचक्की आणि तुझा स्वभाव, सगळ्याची डागडुजी तोच करतो. माझा मुलगा मला प्यारा आहे रे, पण त्याला गाय पुढून कुठली आणि मागून कुठली एवढंच कळतं. आणि तू रँच त्याला देणार, का, तर रक्त!

तुझ्या या रक्ताच्या ज्ञानावरून मी एक पैज लावते. मार्लाचा निकाल येऊ दे. तपासलेल्या पाडसांतल्या निम्म्यांचा बाप जरी तुझा पाद्री निघाला, तरी मी चकार शब्द न काढता क्लेटनच्या कागदावर सही करीन. नाही निघाला, तर रँच नोएच्या नावाने, आणि तू सही करायची. बघ, माझ्याच मुलाच्या विरुद्ध पैज लावतेय. यावरून माझी खात्री किती आहे ते ओळख.

तोवर वाकड्याला मारू नकोस. आणि एक सांग, तो लंगडतो का? लंगडत असेल तर कुठल्या पायाने?

गुडघ्याला गरम पाण्याचा शेक घे. बियरचा नव्हे. माया आहेच, ती तुझ्या हट्टाला पुरून उरते.

तुझी बहीण,
हेडी

•

रँचवरून
दि. १७ नोव्हेंबर २००५

ती. हेडीताईस सा. न.

पैज मान्य. कागद तुझ्या कॉफीच्या डब्याखाली असतील तिथेच असू देत, जानेवारीत लागतील. पण वाकड्याचं तू मला सांगू नकोस. पैज बापाची लागली आहे, सॉसेजची नाही.

तू चाळीस वर्षं शाळेत वाटाण्याच्या फुलांची चित्रं काढलीस. मी चाळीस वर्षं गुरं पैदा केली. हेरफर्डचा चांगला वळू आणला की तिसऱ्या वर्षी वासरांची पाठ सरळ होते, हे बाबांनीही पाहिलं आणि मीही पाहिलं. जे वळूला लागू ते हरणाला का नाही? कुंपणात ठेवून केलेल्या प्रयोगांतही चांगल्या शिंगांच्या नराला चांगल्या शिंगांची पोरं झाली आहेत, हे तुझी मार्लाच कबूल करते. आणि पुरावा हवा असेल तर रँचवरच्या शिकारीच्या कॅम्पच्या भिंती बघ. मी गाळाची छाटणी सुरू केल्यापासून शिंगं वाढतच गेली आहेत. एकदा येऊन फूटपट्टी लाव.

तो लंगडतो का म्हणून विचारलंस. चार पाय आहेत, चारही जमिनीला लागतात. मला त्याला बूट विकायचे नाहीत.

नाताळच्या आधीच्या शनिवार-रविवारी क्लेटनला बोलावलंय. वाकड्या त्याच्या हातून जाऊ दे म्हणजे त्यालाही रँचची गोडी लागेल. मी स्वतः मचाण झाडून घेणार होतो, पण गुडघ्याने नकार दिला. एल्विराच्या मुलाने झाडलं. मचाणात कोळ्याचं मोठं जाळं होतं, ते त्याने कोळ्यासकट अलगद उचलून मेस्कीटच्या झाडावर नेऊन ठेवलं. असा माणूस छाटणी काय करणार, तूच सांग.

यंदा पाऊस कमीच. निवडुंग सुकलाय. तुला तिकडे पाऊस पडतो तो थोडा पत्रातून धाडता आला तर बघ. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

ओटमार

•

न्यू ब्राउनफेल्स
दि. २९ नोव्हेंबर २००५

चि. ओटमार यास आशीर्वाद.

थँक्सगिव्हिंगला तू आला नाहीस, पण नोए सॉसेजची टोपली देऊन गेला. पाच मिनिटं बसतो म्हणाला आणि माझ्या मागच्या दाराच्या बिजागऱ्या बसवून गेला. तुझ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, मामला ठीक आहे, फक्त ते चिडले नाहीत तर मला काळजी वाटते.

आता तुझा वळू. वळू तू निवडतोस, गाय तू निवडतोस आणि दोघांना एका कुंपणात तूच घालतोस. म्हणून पाठ सरळ होते. रानात लग्नं तू जुळवतोस का? तिथे एकेका नराच्या वाट्याला कितीशी पाडसं येत असतील? तुझा पाद्री एका मादीमागे दोन-दोन दिवस झाडीत उभा असतो, तेवढ्यात बाकीच्या माद्यांकडे कोण कोण जाऊन येतं ते तुला व्हरांड्यातून दिसत नाही. आणि मुख्य गोष्ट तू चाळीस वर्षं विसरलास. पाडसाला आई असते. शिंगांचं निम्मं देणं तिच्याकडून येतं, आणि तिच्या डोक्यावर शिंगंच नसतात. मग तू तिची छाटणी काय बघून करणार? बायकांनी काय दिलं ते दिसत नाही, म्हणून ते धरायचंच नाही, ही आपल्या घरातली जुनीच खोड आहे.

शिंगं वाढली हे खरं आहे. नाही कशाला म्हणू? पण त्याच सुमाराला तू सरकीचे दाणे घालायला लागलास आणि चांगल्या नरांना म्हातारं होऊ द्यायला लागलास. भरलेलं पोट आणि भरलेलं वय, याने शिंगं वाढतात. आणि ज्या खुंटीवाल्या पोरांना तू पहिल्याच वर्षी मारतोस, त्यांतली अर्धी उशिरा जन्मलेली नाहीतर दुष्काळात दूध कमी मिळालेली असतात. चार वर्षं थांबला असतास तर त्यांनाही फाटे फुटले असते. तोंडं कमी करायला मार, खायला मार, माझी ना नाही. सुधारणा करतोय म्हणून मारू नकोस.

खुंट्यांवरून आठवलं. कॅम्पच्या जेवणघरातली तुळई कधी वर मान करून बघितलीस का? आजोबांपासून घरातल्या प्रत्येकाची पहिली शिकार तिथे ठोकलेली आहे, खाली डागणीने नाव. माझी आठ फाट्यांची. क्लेटनची सहा. आणि 'ओटमार, १९४१' या नावावर काय आहे? दोन खुंट्या! बोटासारख्या सरळ. तेव्हा बाबांनी तुला गाळ म्हटलं नाही. खांद्यावर घेऊन कॅम्पभर नाचले.

नोएनेही पहिलं हरीण मारलं तेव्हा खुंटीवालंच मारलं होतं, तूच त्याला ते दाखवलं होतंस. बाबा म्हणाले की तुळई वीडनरांची आहे, आणि तू गप्प बसलास. ती शिंगं आजही खोगिराच्या खोलीत आहेत. त्यांना लगाम टांगतात. हे मी टोचायला लिहीत नाही. बाकी सगळं टोचायलाच लिहिलं आहे.

पुन्हा विचारते, कुठल्या पायाने? मागचा पाय जायबंदी झाला तर बऱ्याचदा त्याच्या विरुद्ध बाजूचं शिंग वेडंवाकडं येतं. रक्त बिचारं शुद्ध असतं. एकदा दुर्बीण शिंगांवरून खाली आण.

रागावलास तरी पत्र लिही. रागाची पत्रं तू जास्त चांगली लिहितोस.

हेडी

•

डॅलस
दि. १९ डिसेंबर २००५

ती. आईस,
क्लेटनचा सा. न. वि. वि.

तू फोनवर विचारलंस तेव्हा कॅम्प छान झाला म्हणालो, ते खोटं होतं. पत्रात लिहितोय, कारण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस.

मामाने मला वाकड्या मारायला पाठवलं होतं. सोबत नोए. मामाचा नियम तुला माहीत आहे: छाटायचं हरीण असलं की दोन्ही शिंगं दिसल्याशिवाय बंदुकीचा घोडा ओढायचा नाही. सकाळी झाडीतून एक मोठा नर मान खाली घालून बाहेर आला. डावी बाजू आमच्याकडे होती, आणि डावीकडे शिंगाचा नुसता थुटका. नोए हळूच म्हणाला की थांब, मान फिरवू दे. माझ्या कानात तेव्हा फक्त माझीच धडधड होती. मी ओढला.

जवळ गेलो तर उजवीकडे सहा फाटे. तो पाद्री होता, आई. आदल्या दिवशीच कुणाशी तरी झुंजून त्याने डावं शिंग बुडाशी मोडून घेतलं असणार. नोए त्याच्या मानेवर हात ठेवून किती तरी वेळ बसून राहिला.

सोलायच्या मांडवात मामा काठी टेकत आला. आधी हरणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात नोए म्हणाला की मीच त्याला मार म्हणालो, माझी चूक झाली. मामाने त्याला एवढंच सांगितलं की तुझ्याकडून हेच व्हायचं होतं, आणि पाठ फिरवली. मी तिथे उभा राहिलो आणि एक अक्षर बोललो नाही. पन्नाशीचा माणूस, पोरं कॉलेजात, आणि मी दातदुखीने रडणाऱ्या पोरासारखा तोंड घट्ट मिटून उभा होतो.

आणखी एक. जेवताना मामाने रँचचं बोलून दाखवलं. मला रँच नको आहे. मला तिथे दोन दिवस आवडतं, तिसऱ्या दिवशी अंगाला खाज सुटते. हे त्याला सांगायची माझी छाती नाही. तू सांगशील का?

तुझ्या मायेला पात्र नसलेला,
क्लेटन

•

रँचवरून
दि. २१ डिसेंबर २००५

ती. हेडीताईस सा. न.

पाद्री गेला. क्लेटनने मारला, पण चूक त्याची नाही. एल्विराच्या मुलाने त्याला मार म्हणून सांगितलं. इतकी वर्षं माझ्याबरोबर मचाणावर बसला, आणि दोन शिंगं बघून मग बोलायचं एवढं त्याला कळू नये? क्लेटन बिचारा पांढराफटक पडला होता.

सहा वर्षं, ताई. एल्विरा आजारी होती तेव्हा संध्याकाळी मी तिला खिडकीपाशी बसवायचो आणि पाद्री तळ्यावर यायचा. तेव्हा तो पोरगेलाच होता. ती म्हणायची, हा बघ, तुझ्याआधी प्रार्थनेला आला. आता ते तळं बघवत नाही.

म्हणून म्हणतो, रक्त लागतं. जे आपलं नसतं त्याला आपल्या वस्तूचं मोल कळत नाही. पैज गेली खड्ड्यात, कागदांवर सही कर. नाताळला मी कुठे येत नाही. एल्विराचा मुलगा मक्याच्या पानातले टामाले करून ठेवून समोरच्या खोलीत गेला. आम्ही बोलत नाही.

ओटमार

•

न्यू ब्राउनफेल्स
दि. २७ डिसेंबर २००५

चि. क्लेटन यास आईचे आशीर्वाद.

नाही, मी सांगणार नाही. तुझे दुधाचे दात पडले तेव्हापासून तुझी कामं मी करायची बंद केली आहेत.

सोबत मामाचं पत्र धाडते आहे. ते शेवटपर्यंत वाच, आणि 'आम्ही बोलत नाही' हे वाक्य दोनदा वाच. त्या घरात दोनच माणसं आहेत. ती एकमेकांशी बोलत नाहीत, कारण तू बोलला नाहीस.

नवीन वर्षाच्या पहिल्या शनिवारी गाडी काढ. रँचचंही तूच सांग. मामा ओरडेल, काठी आपटेल, मग जेवायला बस म्हणेल. त्या क्रमाने होईल, घाबरू नकोस. जेवलास की भांडी घास.

तू पात्र आहेस की नाही हे माझं मी बघून घेईन.

तुझी आई

•

रँचवरून
दि. १७ जानेवारी २००६

ती. हेडीताईस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

तुझा मुलगा येऊन गेला. मी ओरडलो, काठी आपटली, मग जेवायला बस म्हटलं. तेव्हा तो हसला. का ते विचारल्यावर त्याने तुझं पत्र दाखवलं. तुला मी एवढा पाठ आहे हे चांगलं नाही. भांडी त्याने चांगली घासली, आणि रँच नको हेही भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून सांगितलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी लागलं ते.

तो गेल्यावर मी नोएला विचारलं की खोटं का बोललास. तो बंदूक पुसत होता. वर न बघता म्हणाला, "पाद्री तर गेलाच होता. भाचा कशाला घालवायचा?" ताई, मी तीन आठवडे त्याच्याशी बोललो नव्हतो, आणि या माणसाने रोज सकाळी माझ्या कॉफीत साखर घालून दिली होती.

मोसमाच्या शेवटच्या दिवशी नोएने मला ढकलत ढकलत मचाणावर चढवलं. मला वाकड्या मारायचाच होता, पैजेसाठी नाही, नुसत्या रागाने. तो आला. चांगला समोर, मोकळ्यात उभा राहिला. मी दुर्बिणीतून शिंगांकडे बघितलं, आणि मग, तुझ्या कटकटीने, खाली. उजवा मागचा पाय. घोट्याच्या वर पांढऱ्या केसांचं गोल कडं, तारेत अडकून कापलं की येतं तसं, आणि चालताना तो पाय जरासा ओढत होता. मी नोएला दाखवलं. तो म्हणाला की काही वर्षांपूर्वी तळ्याच्या कुंपणात एक पोरगेलं हरीण अडकलं होतं, पाय नोएने धरले होते आणि तार मीच कापली होती, ते बहुतेक हेच. मला पुसट आठवलं. डावं शिंग वितळवलं ते रक्ताने नव्हे, माझ्या काटेरी तारेने. मी बंदूक खाली ठेवली. नोएने खिशातून सँडविच काढलं आणि आम्ही अर्धं अर्धं खाल्लं. वाकड्या आमच्याकडे पाठ करून निघून गेला, अजिबात आभार न मानता.

काल मार्ला निकाल घेऊन आली. तू आधीच नाच, मग वाच. तीसेक पाडसांत पाद्रीची दोन. दोनच. वाकड्याचं एक. बाकी सगळी एक-एक, दोन-दोन करून इतक्या बापांत वाटली गेली आहेत की मार्लाला रंगीत पेन्सिली पुरल्या नाहीत. काहींचा बाप तर सापडलाच नाही, म्हणजे शेजारच्या रँचवरून कुंपणावरून उडी मारून आलेले असणार. दोन बाप असे की ज्यांना मी गेल्या वर्षी खुंट्या बघून मारायला निघालो होतो आणि ते मला सापडले नव्हते. मी एकेका राजाला राखत बसलो आणि राज्य कोण करत होतं याचा मला पत्ताच नव्हता. मार्ला फार सभ्य आहे. ती हसली नाही. नोए मात्र पाणी आणायला म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

छाटणी मी बंद करणार नाही, हे आताच सांगतो. निवडुंग वाळलाय, तोंडं कमी करावीच लागतील, आणि सॉसेज मला आवडतं. पण रक्त सुधारतोय असं यापुढे म्हणणार नाही. पाहुण्यांना काय सांगायचं ते बघू. आपण भुकेले आहोत असं सांगू.

तुझ्या कॉफीच्या डब्याखालचे कागद चुलीत घाल. नवे कागद सोबत आहेत. रँच नोएच्या नावाने, माझी सही झाली आहे. पैज हरलो म्हणून केली असं लोकांना सांगितलंस तरी चालेल. खरं कारण ते नाही, हे तुला माहीत आहे. पाद्री सगळ्या पाडसांचा बाप निघाला असता, तरी त्या सँडविचनंतर मला दुसऱ्या कुणाचं नाव घालता आलं नसतं. एल्विरा असती तर हे मला कधीच सांगून टाकलं असतं. तिने बहुतेक सांगितलंही होतं, मीच शिंगं बघत होतो.

आज सकाळी खोगिराच्या खोलीतून ती शिंगं काढली. नोए म्हणाला, मग लगाम कुठे टांगायचे? मी म्हटलं, मालक तू आहेस, तू ठरव. डागणी तापवून दिली त्यानेच, नाव मी घातलं. वीडनर घालू का म्हणून विचारलं, तर म्हणाला की बाबांचं, म्हणजे त्याच्या बाबांचं, कांतू आडनाव राहू दे. राहू दिलं. तुळईने काही हरकत घेतली नाही. शिडी त्याने धरली होती आणि गुडघा फार ओरडत होता, म्हणून खिळा जरा तिरपा बसला आहे.

माझ्या शिंगांच्या शेजारचीच जागा रिकामी होती, तिथे ठोकली. दोन खुंट्या माझ्या, दोन त्याच्या. दुपारी गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस आला होता. वर बघून म्हणाला, यातली तुमच्या मुलाची कुठली? मलाच मान वर करून खालचं नाव वाचावं लागलं.

सही करून लवकर धाड, आणि मुरंब्याच्या दोन बाटल्या. एक नोएची.

तुझा भाऊ,
ओटमार